यंत्र बरोबर होतं

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी यंत्रानं नवऱ्याचा रक्तदाब एकशे अडतीसवर शहाऐंशी दाखवला आणि घराचा नूरच पालटला. नवरा दंडावरची पट्टी न काढता तसाच बसून राहिला. "अगं, काल एकशे सव्वीस होता," तो म्हणाला, "एका रात्रीत बारा?" जणू बारा तोळे सोनं गेलं होतं. तिचा एक कान गॅसवरच्या दुधाकडे होता, एक डोळा घड्याळाकडे. गेली आठ वर्षं रोज सकाळी हा सोहळा चालायचा. त्यानं हात पुढे करायचा, तिनं पट्टी बांधायची, आकडा वहीत लिहायचा. त्याच्या दाबाची वही होती, फाइल होती, सात कप्प्यांची गोळ्यांची डबी होती, आणि घरातलं मीठ आठ वर्षांपूर्वीच हद्दपार झालं होतं. दाब एकाचा, अळणी दोघांनी खायचं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती, म्हणजे होती, पण सांगते कुणाला? आता हा माणूस दिवसभर अंथरूण धरून बसणार, दर तासाला तिला फोन करणार, हे तिला स्पष्ट दिसलं. म्हणून ती म्हणाली, "यंत्र बिघडलं असेल." आणि मग, कारखान्यात करते तेच तिनं घरी केलं. एखाद्या मापकाचा संशय आला की त्याला माहितीतलं काहीतरी मोजायला द्यायचं, ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे असं. घरात असं पक्कं काय होतं? ती स्वतः. तिला कधी काही झालेलंच नव्हतं. तिनं पट्टी काढून आपल्या दंडावर बांधली आणि बटण दाबलं. पट्टी फुगली, फुगतच राहिली, मग सुस्कारे टाकत उतरली. एकशे अडुसष्टवर एकशे चार. ती खो खो हसली. "बघा! म्हटलं नव्हतं? साफ गेलंय." नवऱ्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. तो शीळ घालत आंघोळीला गेला. तिनं खात्री म्हणून पुन्हा एकदा मोजलं. एकशे बहात्तरवर एकशे सहा. कामातूनच गेलं होतं यंत्र. तिनं ते पिशवीत टाकलं आणि दूध उतू गेलेलं पुसायला घेतलं.

तिचं कामच ते होतं. चोवीस वर्षं ती दाबमापकं तपासत होती. बॉयलरची, ऑक्सिजनच्या नळकांड्यांची, धुलाईच्या कारखान्यांतली, इस्पितळांतली, तळहातावर मावतील अशी आणि परातीएवढी. प्रत्येक मापक वर्षातून एकदा तिच्या टेबलावर यायचं, ती त्याला ठरलेला दाब द्यायची, काटा खरं बोलतो की थापा मारतो ते बघायची आणि पुढच्या तपासणीची तारीख घातलेली पट्टी चिकटवायची. तुलनेसाठी काचेच्या कपाटात एक मापक असायचं, त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर चुकत नसे. त्या दिवशी तिनं घरचं यंत्र रबरी नळीनं मास्तरला जोडलं आणि फुगा दाबला. मास्तर पन्नास, यंत्र पन्नास. शंभरला शंभर. दीडशेला दीडशे. दोनशेला एकशे नव्व्याण्णव. शेजारच्या टेबलावरचा माणूस, ज्याला सगळे दशांश म्हणत कारण तो त्याच्या अलीकडे कुठे थांबतच नसे, मान वाकडी करून बघत होता. "एकाचा फरक," तो म्हणाला, "तोही दोनशेला. हे आपल्या दोघांपेक्षा सरळ आहे. बिघडलंय काय याचं?" आणि नको म्हणायच्या आत त्यानं पट्टी स्वतःच्या दंडावर चढवली. एकशे अठरावर शहात्तर. "झकास," तो म्हणाला. "वायर सैल होती बहुतेक," असं काहीतरी ती पुटपुटली आणि स्टुलावर बसली. यंत्र बरोबर होतं. मग चूक कुणाची, हे कळायला चोवीस वर्षांचा अनुभव लागत नाही. पण तिला पहिल्यांदा वाटली ती भीती नव्हती, संताप होता. काय कटकट आहे! महिनाअखेर आलेली, साठ मापकं तपासायची पडलेली, मुलीला पाठवायचं सामान बांधायचं राहिलेलं, आणि आता हे. म्हणजे आता तिनंही वही ठेवायची. आणि तिची वही लिहायची कुणी?

तिनं दुपारपर्यंत काम केलं. हात आपोआप चालत होते. एका बॉयलरचं मापक आलं होतं, त्याच्या कार्डावर तांबडी रेघ होती. तांबडी रेघ म्हणजे या मापकानं एकदा मर्यादेबाहेरचा दाब सोसलेला आहे. अशा मापकाचा काटा नंतर शून्यावर येतो, शहाण्यासारखा वागतो, वर्षभर अगदी बरोबर बोलतो. तरी त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. आतली नळी एकदा ताणली गेली ती गेली, कधी दगा देईल नेम नाही. म्हणून त्याला वर्षानं नाही, दर तीन महिन्यांनी बोलवायचं. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची, शून्यावर आला म्हणजे सुटला असं समजू नका. किती जणांना सांगितलं असेल! आणि हे ती मनात म्हणत असतानाच तिचा हात थांबला, कारण तिच्या मांड्यांमधून एक ऊब वर चढल्यासारखी वाटली, आणि ती ऊब तिच्या ओळखीची होती. बावीस वर्षांपूर्वी, गरोदर असताना, इस्पितळात तिला एक इंजेक्शन दिलं होतं तेव्हा अशीच आग अंगभर पसरली होती, टाचांपासून कानांपर्यंत, कुणी आतून गरम पाणी ओततंय तशी, आणि परिचारिका म्हणाली होती, घाबरू नका, झटके येऊ नयेत म्हणून आहे. झटके? कुणाला? तोवर तिला वाटत होतं की आपलं डोकं दुखतंय एवढंच. डोकं दुखत होतं तीन दिवस. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. सातवा महिना संपून आठवा लागला होता, चेहरा असा सुजला होता की आरशात दुसरीच कुणी बाई बघत्येय असं वाटे, आणि नवरा म्हणायचा तेज आलंय. डोंबलाचं तेज! डॉक्टरांनी पट्टी बांधली, आकडा बघितला, तिच्याशी एक शब्दही न बोलता दाराबाहेर गेले, आणि दाराबाहेर पळापळ सुरू झाली. त्या दिवशी संध्याकाळी पोट फाडून मुलगी काढली. दीड किलोची, उंदरासारखी, पण रडली. मुलगी रडली आणि तेव्हापासून सगळे मुलीकडेच बघायला लागले. तीसुद्धा.

तसं होणारच. दीड किलोची मुलगी काचेच्या पेटीत असताना कुठली बाई स्वतःचा दाब विचारेल? आई होती जवळ. आईनं कपाळावर हात ठेवून म्हटलं होतं, "माझंही तुझ्या वेळी असंच झालं होतं. बाळंतपण झालं की उतरतं बघ." आणि उतरलं. दहाव्या दिवशी एकशे चाळीस, घरी जाताना एकशे तीस. डॉक्टर म्हणाले, "छान. सहा आठवड्यांनी दाखवायला या." ती गेलीही होती, तिला स्पष्ट आठवत होतं. मुलीला दुपट्यात गुंडाळून, रिक्षानं, दीड तास रांगेत बसून. आत गेल्यावर मुलीचं वजन केलं, डोकं मोजलं, हातपाय हलवून बघितले, सगळ्यांनी कौतुक केलं. मग परिचारिकेनं तिला विचारलं, "दूध पुरतंय ना?" तिनं हो म्हटलं. "मग झालं तर." झालं. तिच्या दंडाला पुन्हा पट्टी बांधली गेली ती आज सकाळी, आणि तीही तिनं स्वतः, यंत्राची परीक्षा घ्यायला. मध्ये बावीस वर्षं. या बावीस वर्षांत तिनं किती फॉर्म भरले असतील! विम्याचे, नोकरीचे, दातांच्या डॉक्टरचे. पूर्वीचे आजार, असा एक रकाना सगळ्यांत असतो. तिथे ती न थबकता लिहायची, काही नाही. बाळंतपण हा काय आजार आहे? लोकांच्या मापकांवर तांबड्या रेघा मारत बसलेली ही शहाणी, आणि स्वतःच्या कार्डावर काही नाही! तिला स्वतःचा इतका राग आला की हातातला पाना तिनं टेबलावर आपटला. दशांशनं दचकून वर बघितलं. "काय झालं?" "काय व्हायचंय माझं कपाळ," ती म्हणाली, आणि अर्धा दिवस रजा टाकून निघाली.

ती नवऱ्याच्या डॉक्टरांकडे गेली, कारण घराला तेच एक डॉक्टर माहीत होते. आठ वर्षं ती त्यांच्यासमोर बसत आली होती, पण बाजूच्या खुर्चीत, फाइल मांडीवर घेऊन. डॉक्टर म्हातारे, प्रेमळ, वहिनी म्हणणारे. तिला एकटीला बघून त्यांनी आधी विचारलं, "साहेब बरे आहेत ना?" तिनं आकडे सांगितले. त्यांनी मोजलं, एकशे चौसष्ट आलं, आणि ते हसून म्हणाले, "वहिनी, या वयात बायकांचं असं वरखाली व्हायचंच. पाळीचं काय? गडबड आहे ना? बघा, तेच. शिवाय मुलगी परगावी गेली, घर रिकामं. टेन्शन घेऊ नका. जरा फिरत जा, मीठ कमी करा." मीठ कमी करा! तिच्या जिभेवर आठ वर्षांचा अळणीपणा एकदम उसळून आला. "डॉक्टर, आमच्या घरात मीठ औषधालाही नाही," ती म्हणाली. ते पुन्हा हसले. तिला सांगायचं होतं की जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर हल्ली थांबावं लागतं, उजव्या कुशीवर झोपलं की छातीत कुणी बोट रुतवतंय असं वाटतं, पण त्या 'टेन्शन घेऊ नका'पुढे काय बोलणार? ते वाक्य म्हणजे कुलूप. नवऱ्याला एकशे चाळीस झालं होतं तेव्हा याच माणसानं तीन तपासण्या लिहून दिल्या होत्या. तो आजार होता. तिचं टेन्शन होतं. पायऱ्या उतरताना तिच्या मनात आलं, की टेन्शन हा जर रोग असेल तर त्याची निम्मी लागण या खोलीतून होते. बाहेर रस्त्यावर ऊन होतं, बसथांब्यावर एक पोट आलेली मुलगी पावलांवर पावलं घासत उभी होती, चपलेचे पट्टे सुजलेल्या पायांत रुतलेले. ती तिच्याकडे बघत राहिली. काहीतरी विचारावं असं वाटलं, पण काय विचारणार? अनोळखी बाईनं पाय बघून विचारलं तर पोरीला वेडच वाटेल. बस आली, मुलगी चढून गेली, आणि न विचारल्याची रुखरुख तिला घरापर्यंत पुरली.

घरी तिनं कपाट उपसलं. काही आठवणींवर भरवसा नसतो, कागद हवा. नवऱ्याची फाइल हाताला लगेच लागली, तीच वर होती. तिच्या नावाची फाइलच नव्हती. दोन तास ती जमिनीवर बसून शोधत होती, विजेची बिलं, शाळेची प्रगतिपुस्तकं, गॅरंटी संपलेल्या पंख्याची गॅरंटी, सगळं निघालं, आणि मग काखेत कळसा म्हणतात तसं झालं. तिच्या बाळंतपणाचा कागद मुलीच्या फाइलमध्ये होता, पहिल्या लसीच्या कार्डाच्या मागे. घडीवर पिवळा पडलेला. एकशे नव्वदवर एकशे अठरा. लघवीत प्रथिनं तीन अधिक. आणि खाली, घाईच्या अक्षरात, 'आईचा दाब वरचेवर तपासावा.' वरचेवर! हे तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं, आणि तिनंही वाचलं नव्हतं, कारण त्या दिवशी तिच्या हातात मुलगी होती आणि कागद नवऱ्याच्या. नवरा दारात येऊन उभा राहिला. "यंत्र दुरुस्त झालं का?" त्यानं विचारलं. तिनं कागद त्याच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावून वाचला, दोनदा वाचला, आणि म्हणाला, "पण तू कधी बोलली नाहीस." तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो चष्मा पुसायला लागला. "तुमच्या हातात होता हा कागद," ती म्हणाली. "बावीस वर्षांपूर्वी. तुमच्या." मग तो जमिनीवर तिच्याशेजारी बसला, जे त्यानं कित्येक वर्षांत केलं नव्हतं, गुडघे कटकट वाजले. "मला पोरीचीच भीती होती गं तेव्हा," तो म्हणाला, "तू तर उठून बसली होतीस." त्याचं खोटं नव्हतं. ती खरंच उठून बसली होती. म्हणून तिला त्याच्यावर धड रागावताही येईना, आणि राग जाईनाही.

आठवड्यानं ती हृदयाच्या डॉक्टरांसमोर बसली, या वेळी मुख्य खुर्चीत. नवरा बाजूच्या खुर्चीत, फाइल मांडीवर घेऊन. नवी फाइल, त्यानंच आणलेली. डॉक्टर बाई होत्या, तिच्याहून दहा वर्षांनी लहान, केस वर बांधलेले, बोलायला तुटक. छातीवर थंडगार जेल लावून पडद्यावर हृदय बघून झालं होतं. "डाव्या बाजूची भिंत जाड झालीय," त्या म्हणाल्या. "थोडीच. पण हे महिना-दोन महिन्यांचं काम नाही, बरीच वर्षं चढत्या दाबाशी झगडलंय ते. आजपासून गोळी. नीट घेतली, दाब उतरला, तर भिंतही पुष्कळदा थोडी कमी होते. वेळेत आलात असं म्हणणार नाही, पण उशीरही झालेला नाही." नवरा लगेच पुढे सरकला. "डॉक्टर, हिला तसं कधी काही नव्हतं हो, एकदम ठणठणीत..." "थांबा," ती म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की बाहेरच्या बाकावरचं बोलणं बंद पडलं. मग तिनं पिवळा कागद टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, काजवे, आग, दीड किलो, सहा आठवडे, दूध पुरतंय ना, टेन्शन घेऊ नका. डॉक्टरांनी मध्ये तोडलं नाही. लिहीत राहिल्या. "हे इथे आल्यावर भरलेल्या फॉर्ममध्ये का नव्हतं?" त्यांनी एवढंच विचारलं. "कारण तुमच्या फॉर्ममध्ये त्याचा रकाना नाही," ती कडाडली. "दारू पिता का आहे. तंबाखू आहे. घरात कुत्रा आहे का तेही आहे! गरोदरपणात दाब होता का, एवढं एक वाक्य छापायला काय जड जातं? मी एका लोखंडी डब्याची कुंडली चोवीस वर्षं सांभाळते, आणि तुम्ही माणसांचे डॉक्टर!" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "ज्या बाईला गरोदरपणात असं होतं, तिला पुढे दाबाचा, हृदयाचा त्रास होण्याची शक्यता इतर बायकांच्या दुप्पट तरी असते. हे प्रत्येकीला सांगायला हवं. सांगत नाहीत." खरं आहे म्हटल्यावर भांडायचं कुणाशी? तिचा निम्मा जोर तिथेच सरला.

"तुमच्या आईला होतं का काही?" डॉक्टरांनी विचारलं. "नाही," असं सवयीनं म्हणता म्हणता तिला हसू आलं, कारण आईच्या बाळंतपणाची गोष्ट घरात प्रसिद्ध होती. ती गोष्ट सांगायची म्हणजे आईच्या आवाजातच सांगावी लागे, आणि ती तशीच सांगायला लागली. हिच्या वेळी आईचे पाय म्हणे असे सुजले, की तिच्या चपला जाईनात, मावशीच्या जाईनात, शेवटी नववा महिनाभर आई वडिलांचे बूट घालून फिरली. फटाक फटाक. एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली तर बुटांसकट धान्याच्या पोत्यावर बसली, आणि शेजारीण म्हणाली, अगंबाई, मला वाटलं तुझे यजमानच बसलेत! लग्नकार्यात, बारशाला, कुठेही माणसं जमली की ही गोष्ट व्हायची, आई उठून बूट घालून चालून दाखवायची आणि सगळे पोट धरधरून हसायचे. नवरा आताही हसला. डॉक्टर हसल्या नाहीत. "आई आहेत?" "नाही." "किती वर्षांच्या होत्या?" "बावन्न," ती म्हणाली. "ओट्यापाशी. भाजी चिरत होती." नवरा हळूच म्हणाला, "अचानकच गेल्या हो. काही दुखणं म्हणून नव्हतं." खोलीतलं पंख्याचं घरघरणं तिला एकाएकी फार मोठं वाटायला लागलं. ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. "अचानक म्हणू नका," ती म्हणाली. "आणि काही नव्हतं असंही म्हणू नका. तिचं कधी कुणी बघितलंच नव्हतं. आम्ही सगळे हसत होतो." डॉक्टर म्हणाल्या, "आता त्यावरून नक्की असं काही सांगता येणार नाही." "मला येतं," ती म्हणाली. "तुम्ही लिहा." आणि डॉक्टरांनी लिहिलं. ते लिहून होईपर्यंत ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली, ती तिनं पुसली नाही. आई चार वर्षं तिच्या मुलीला मांडीवर घेऊन ती गोष्ट सांगत होती. मुलगीही ती ऐकूनच मोठी झाली.

"मुलगी केवढी?" डॉक्टरांनी विचारलं. "बावीस." "लग्न, मूल, पुढे जे काही होईल ते होवो, तिच्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी हे कळलं पाहिजे. आणि मूल नाही झालं तरी तिनं दाब मोजत राहायचा." ती उठली. बाहेरच्या बोळात आली आणि फोन काढला. नवरा फाइल सावरत मागून आला. "अगं, आत्ता? ती कामावर असेल. संध्याकाळी शांतपणे सांगू." "असू दे कामावर." घंटी वाजत राहिली, तिनं भिंतीला टेकून वाट बघितली. मुलीनं धापा टाकत फोन घेतला. "आई? काय म्हणाले डॉक्टर? बरी आहेस ना?" "बरी आहे. गोळी चालू झालीय, मला तुला आजीच्या बुटांची गोष्ट सांगायचीय." पलीकडे मुलगी हसायला लागली, गोष्ट सुरू व्हायच्या आधीच, नेहमीसारखी, आजीसारखी, मोकळं. तिनं तिला हसू दिलं. सगळं हसून होईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "झालं? आता कुठेतरी खाली बस, आणि नीट ऐक."